घेतलेला बयाणा, दिलेला बयाणा

भाईंदर पूर्वेत घर बदलणारा माणूस फारसा लांब जात नाही. नवघर रोडवरचा वन आरके विकून इंद्रलोकला वन बीएचके घेतो, गोडदेवचा वन बीएचके विकून जेसल पार्ककडे सरकतो, फार तर खाडी ओलांडून नायगाव-वसईला जातो. शाळा तीच हवी असते, गाडीही तीच. शिवाय हाताशी मोकळे पैसे नसतात. जे काही आहे ते राहत्या घराच्या भिंतींत अडकलेलं असतं. त्यामुळे इथे विकणं आणि घेणं एकाच महिन्यात, एकाच दलालामार्फत आणि बरेचदा एकाच टेबलावर होतं. डाव्या हाताने बयाणा घ्यायचा आणि उजव्या हाताने द्यायचा. हे मी केलं आहे आणि त्यात पोळले आहे. कोण कसं वागलं ते मी विसरलेले नाही आणि विसरायचा माझा इरादाही नाही, पण ती कहाणी इथे सांगत नाही. कहाणी ऐकली की लोक हळहळतात आणि म्हणतात, ‘तुम्हाला माणूस वाईट भेटला.’ माणूस चांगला होता असं मी मुळीच म्हणणार नाही. पण माणूस चांगला असता तरी गणित तसंच फसलं असतं, आणि सांगण्यासारखं आहे ते गणितच.

माझं म्हणणं एवढंच, की घेतलेला बयाणा आणि दिलेला बयाणा यांचं नाव एक असलं तरी ते पैसे एका जातीचे नाहीत. घेतलेला बयाणा व्यवहार पुरा होईपर्यंत परक्याचा असतो. दिलेला बयाणा मात्र दिला त्या क्षणी आपल्या हातून गेलेला असतो आणि घर नावावर झालं तरच किमतीत जमा होऊन परत येतो. पहिल्यातून दुसरा भरणं म्हणजे उसन्या पैशाने पैज लावणं. कायद्यानेही ही विषमता लपवलेली नाही. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं ५४वं कलम सांगतं, की विक्रीच्या नुसत्या कराराने त्या मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही. म्हणजे साठेखत होऊनही घर आपलं नसतं, आणि विसारपावती तर साठेखताच्याही अलीकडची पायरी. बयाणा ही हमी आहे, व्यवहार पुरा झाला तर ती किमतीचा भाग होते आणि देणाऱ्याच्या चुकीने मोडला तर जप्त होते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६९मध्ये हनुमान कॉटन मिल्सच्या खटल्यात सूत्ररूपाने मांडलं. तो सौदा विमानांच्या भंगाराचा होता आणि बयाणा होता किमतीच्या २५ टक्के. अडीच लाख रुपये गेले ते गेले.

इथे बहुतेक जण म्हणतात, की विषमता कसली? माझ्या घराचा ग्राहक मागे हटला तर त्याचा बयाणा मी ठेवीन, माझा गेला तर त्यातून भरपाई होईल. हे ऐकायला सरळ वाटतं, पण रकमा बघा. विकताना आपण घाईत असतो, म्हणून ग्राहक ५१ हजार ठेवतो तेही हसून घेतो. घेताना मात्र त्या फ्लॅटवर आणखी दोघांचा डोळा असल्याचं दलाल सांगतो, म्हणून आपण पाच लाखांचा चेक फाडतो. दोन्ही सौदे मोडले तर ५१ हजार राहतात आणि पाच लाख जातात. त्यातही जप्त केलेल्या ५१ हजारांवर आपल्याला प्राप्तिकर भरावा लागतो. २०१४-१५ या आर्थिक वर्षापासून जप्त बयाणा हे सरळ इतर उत्पन्न मानलं जातं. गेलेल्या पाच लाखांची पगारातून वजावट मात्र कुणी देत नाही. आणि खरं सांगायचं तर ते ५१ हजारही फारसे कुणी ठेवत नाही. ग्राहक त्याच गल्लीतला असतो, त्याचा मेहुणा आपल्या सोसायटीच्या कमिटीवर असतो, घरात कुणी आजारी असल्याचं तो सांगतो आणि आपण परत करतो. आपल्याकडून परत मागणाऱ्याला आपण माणूस समजतो. आपण परत मागायला गेलो की समोरच्याला अचानक करारातलं कलम आठवतं.

आता रकमेपेक्षा मोठी गोष्ट, म्हणजे पैसा कुठल्या क्रमाने फिरतो ती. आकडे मी सोयीसाठी धरते आहे, त्या जागी आपले घालून बघा. समजा, राहतं घर ५२ लाखांना विकायचं आहे आणि त्यावर बँकेचं १४ लाख कर्ज बाकी आहे. नवं घर ८० लाखांचं आहे. आपल्या घराचा ग्राहकही कर्ज काढणारच. बँक त्याला ८० टक्के म्हणजे ४१ लाख ६० हजार देईल आणि उरलेले १० लाख ४० हजार तो खिशातून घालेल. त्यातले ५२ हजार तो टीडीएस म्हणून कापून सरकारकडे भरेल, कारण किंमत ५० लाखांच्या वर आहे. राहिले ९ लाख ८८ हजार. हे आपल्याला मिळणार आणि त्यातून आपण नव्या घराचा बयाणा देणार, असं आपल्याला वाटतं. पण आपल्या घराची मूळ कागदपत्रं आपल्या बँकेत आहेत, आणि जुनं कर्ज फिटल्याशिवाय ग्राहकाची बँक मुख्य रक्कम सोडत नाही. म्हणून ग्राहकाचे ९ लाख ८८ हजार आधी आपल्या बँकेत जातात, आणि वर ४ लाख १२ हजार त्याच्या बँकेने थेट आपल्या बँकेला द्यावे लागतात. आपल्या हातात पहिला रुपया पडतो तो त्यानंतर, शेवटच्या चेकने. दुसऱ्या टोकाला नव्या घराचा मालक पंधरा दिवसांत दहा टक्के म्हणजे आठ लाख मागतो. साठेखत नोंदवताना सात टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ६० हजार आणि नोंदणीचे ३० हजार लागतात. (घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर शुल्कात एक टक्का सवलत आहे, ती जरूर घ्या.) हे शुल्क गृहकर्जात धरलं जात नाही. म्हणजे विक्रीतून शून्य रुपये आलेले असताना खरेदीत १३ लाख ९० हजार घालायचे. हे दोन आकडे एका कागदावर शेजारी शेजारी लिहिले तर पाचवीतल्या मुलालाही खड्डा दिसेल. आपल्याला दिसत नाही, कारण आपण ते कधी एका कागदावर लिहीतच नाही. विक्रीची पावती एका प्लास्टिक फोल्डरमध्ये असते, खरेदीची दुसऱ्या. ज्या रात्री ती दोन फोल्डर एकाच वेळी उघडली जातात, त्या रात्री झोप लागत नाही.

तारखांचंही असंच आहे. खरेदीच्या पावतीवर ‘४५ दिवसांत व्यवहार पूर्ण’ असं लिहिण्याची पद्धत आहे. हे ४५ दिवस कुणी ठरवले कोण जाणे, पण विकणाऱ्याच्या बाजूचं घड्याळ त्यांना जुळत नाही. ग्राहकाच्या कर्जाची मंजुरी, मग बँकेच्या वकिलाचा अहवाल आणि इंजिनीअरची पाहणी, ज्याला सगळे लीगल-टेक्निकल म्हणतात. मग आपल्या बँकेकडून कर्ज बंद करण्याचं पत्र आणि कागदपत्रांची यादी. कर्ज फिटल्यावर मूळ कागद परत द्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना ३० दिवसांची मुदत दिली आहे. उशीर झाला तर १ डिसेंबर २०२३पासून दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. म्हणजे बँक पूर्ण नियमात वागली तरी त्या ४५ दिवसांतले ३० एकट्या कागदांच्या कपाटात जाऊ शकतात. मग सोसायटी. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदत्व हस्तांतरासाठी सोसायटीचा ना-हरकत दाखला मुळात लागतच नाही. पण बँक तो मागते, आणि सेक्रेटरीला हे पक्कं ठाऊक असतं. कमिटीची बैठक महिन्यातून एकदा. हस्तांतराचा अधिमूल्य आकार महापालिका क्षेत्रात २५ हजारांपेक्षा जास्त घेता येत नाही, तरी ‘देणगी’ नावाचा शब्द मराठीत आहेच.

आणि भाईंदर पूर्वेतली इमारत असेल तर आणखी एक पदर. इथे १९८५मध्ये नगरपालिका आली आणि २००२मध्ये महानगरपालिका. त्याआधी ग्रामपंचायतीच्या परवानगीने उभ्या राहिलेल्या इमारती अजून आहेत, नंतरच्याही बऱ्याच इमारतींना भोगवटा दाखला नाही, आणि कन्व्हेयन्स झालेलं नाही अशा सोसायट्या तर गल्लोगल्ली आहेत. अनेक जमिनींच्या सातबाऱ्यावर इंग्रजांच्या काळातल्या पट्ट्यापासून चालत आलेली इस्टेट इन्व्हेस्टमेंट कंपनीची नोंद असते, ती पाहून बाहेरचा वकील दचकतो. अशा घराला एक बँक कर्ज देते, दुसरी देत नाही. तेव्हा आपल्या ग्राहकाने ‘माझं लोन होऊन जाईल’ म्हणणं याचा अर्थ त्याचा पगार पुरेसा आहे एवढाच. आपली इमारत त्या बँकेच्या यादीत बसते का, हे त्याला माहीत नसतं. आपल्याला माहीत असायला हवं आणि आपण विचारत नाही, कारण ग्राहक बिथरेल अशी भीती वाटते. मग महिनाभराने बँकेचं नाही येतं. त्यात ग्राहकाचा दोष नसतो, आपला नसतो, आणि दुसऱ्या टोकाला आपण दिलेले आठ लाख मात्र आपल्या दोषाने गेलेले ठरतात.

यावर शिकलेल्या माणसांचा ठरलेला आक्षेप असतो, की कायद्यात असं सरसकट जप्त करता येत नाही. करार कायद्याच्या ७४व्या कलमाखाली वाजवी भरपाईच मिळते, जास्तीचे पैसे कोर्ट परत देतं. खोटं नाही. दिल्लीच्या फतेहचंद खटल्यात सौदा १ लाख १२ हजार ५०० रुपयांचा होता; १,००० रुपये बयाणा आणि पुढे ताबा घेताना दिलेले २४ हजार. सर्वोच्च न्यायालयाने बयाण्याचे १,००० ठेवू दिले, २४ हजारांच्या जप्तीला नकार दिला. करार १९४९चा, निकाल १९६३चा. दिल्ली विकास प्राधिकरणाच्या लिलावात १९८२मध्ये बोली लावणाऱ्याचे ७८ लाख प्राधिकरणाने जप्त केले होते, आणि तीच जागा पुढे कितीतरी जास्त भावाला विकली. तोटा झालाच नाही तर जप्ती कसली, असं म्हणत न्यायालयाने ते पैसे परत करायला लावले, २०१५मध्ये. आणि हे जिंकलेले. हरलेलेही आहेत. ७० लाखांच्या घरासाठी सात लाख दिलेल्या खरेदीदाराचे सातही लाख जप्त करणं २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योग्य ठरवलं, कारण रक्कम बयाणा म्हणूनच दिली होती आणि पावतीत तसं लिहिलं होतं. २००७च्या एका करारात ५५ लाख ५० हजारांपैकी २० लाख आगाऊ दिलेल्या माणसाला २०२५च्या मे महिन्यात तेच उत्तर मिळालं. त्याने दाव्यात रक्कम परत मिळावी अशी पर्यायी विनंतीच केली नव्हती, आणि विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचं २२वं कलम ती स्पष्ट मागायला सांगतं. या चारही खटल्यांत मला न्यायापेक्षा वर्षं दिसतात: चौदा, तेहतीस, सात, अठरा. ज्याला घर बदलायचं आहे त्याच्या मुलांची शाळा तेवढ्यात संपते. तेव्हा ‘कोर्ट देईल’ हा आधार मानसिक समाधानापुरता ठीक. त्यावर चेक फाडू नये.

मला खरा राग येतो तो आणखी एका गोष्टीचा. नव्या इमारतीत बिल्डरकडून घर घ्या, तर २०१६च्या रेरा कायद्याने करार नोंदवल्याशिवाय त्याला १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. गुरुग्रामच्या एका प्रकल्पातली २० टक्के जप्तीची अट २०२५च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने एकतर्फी ठरवली आणि १० टक्क्यांवर थांबवली. म्हणजे कायद्याला कळतं, की घर घेणारा माणूस अडलेला असतो आणि त्याच्याकडून काहीही लिहून घेता येतं. पण हे संरक्षण बिल्डरसमोर. रीसेलमध्ये, जिथे दोन्ही बाजूंना साधी माणसं आहेत आणि एकाही बाजूला वकील नाही, तिथे पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर दलालाच्या संगणकातला जुनाच मजकूर छापायचा, फक्त नावं बदलायची. त्यात ‘खरेदीदाराने मुदतीत रक्कम न दिल्यास बयाणा जप्त’ हे वाक्य असतंच असतं. ‘विकणारा मागे हटल्यास दुप्पट परत’ हे असतं किंवा नसतं, आणि असलं तरी वसूल करायला पुन्हा तीच चौदा-अठरा वर्षं.

मग लोक म्हणतात, अहो, एवढा अविश्वास? इथले सगळे सौदे शब्दावर होतात. होतात, मान्य आहे, आणि बहुतेक निभतातही. पण शब्द कुणाचा आणि तो मोडला तर भुर्दंड कुणाला, हे विचारायला काय हरकत आहे? एकाच वेळी विकणाऱ्या-घेणाऱ्या माणसाचा शब्द त्याच्या एकट्याचा नसतोच. तो त्याच्या ग्राहकावर, ग्राहकाच्या बँकेवर, कदाचित त्या ग्राहकाच्या घराच्या ग्राहकावर टेकलेला असतो. या साखळीतली प्रत्येक कडी प्रामाणिक असूनही साखळी तुटू शकते. आणि तुटल्यावर माणसं बदलतात, तेही मी सांगून ठेवते. आधी ‘ताई, काळजी करू नका, पंधरा दिवस इकडेतिकडे चालतात’ असं म्हणणारा मालक सोळाव्या दिवशी फोन उचलत नाही. मग तो फक्त दलालामार्फत बोलतो. मग त्याला दुसरा, चार लाख जास्त देणारा ग्राहक भेटलेला असतो, आणि त्याच आठवड्यात मुदत ही कराराचा गाभा असल्याचा साक्षात्कार त्याला होतो. (स्थावर मालमत्तेच्या सौद्यात मुदत सहसा गाभा मानली जात नाही, हे न्यायालयांचं जुनं धोरण आहे; पण पावतीत तसं स्पष्ट लिहिलेलं असेल तर ते धोरण तुमच्या कामाचं नाही.) दलालाविषयी थोडकंच बोलते. त्याची दलाली दोन्ही सौद्यांवर असते आणि सौदा कधी झाला यावर ठरते, कसा झाला यावर नव्हे. त्याला वाईट म्हणायचं कारण नाही, पण तुमच्या दोन तारखा जुळवणं हे आपलं काम असल्याचं तो मानत नाही, हे गृहीत धरा.

सगळ्यात जड आक्षेप पुढे आहे आणि तो मी झटकणार नाही. आधी विकलं आणि मग शोधत बसलं, तर मधल्या काळात भाव वाढतात, हवं ते घर हातचं जातं आणि राहायचं कुठे? मेट्रो नऊचे खांब उभे राहिल्यापासून इथला प्रत्येक दलाल हेच ऐकवतो. पण हिशेब करा. मधले चार महिने भाड्याने राहिलं, महिना १८ हजार धरले, तर ७२ हजार. एका महिन्याची दलाली १८ हजार. सामान दोनदा हलवायला टेम्पो आणि हमाल मिळून ३० हजार. एकूण १ लाख २० हजार. त्रास आहे, घरातली म्हातारी माणसं कुरकुरतील, फ्रिजला पोचे पडतील. तरी हा खर्च ठरलेला आहे, त्याला तळ आहे. बयाणा गेला तर आठ लाख, आणि वर आपलं घर घाईने पडत्या भावात विकण्याची पाळी. भाव वाढण्याची भीतीही अर्धीच खरी आहे. भाव वाढतात तेव्हा आपलं घरही वाढीव भावाने विकलं जातं, झळ बसते ती दोन किमतींतल्या फरकावर. दुसरी घाई कराची. ‘लगेच घेतलं नाही तर कॅपिटल गेन भरावा लागेल’ हे वाक्य घाई करण्यासाठी वापरलं जातं. वास्तविक घर विकल्यापासून दोन वर्षांत दुसरं घेतलं तरी ती सवलत मिळते, विक्रीच्या आधी एक वर्षात घेतलेलं असलं तरी मिळते, आणि विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत न वापरलेली रक्कम बँकेत कॅपिटल गेन खात्यात ठेवता येते. दोन वर्षं हातात असताना ४५ दिवसांच्या पावतीवर सही करायला करखातं सांगत नाही. काही बँका मधल्या काळासाठी ब्रिज लोन देतात. व्याज परवडत असेल तर घ्या, पण आपलं घर अमुक दिवसांत विकलं जाईलच या कल्पनेवर तेही उभं असतं, हे लक्षात ठेवून.

दुसरीकडे हा प्रश्न कसा सोडवतात ते पाहिलं की आपली लाज वाटते. इंग्लंडमध्ये घर विकून घर घेणं ही नेहमीची गोष्ट, तिथे या साखळीला चेनच म्हणतात. करारांची अदलाबदल होईपर्यंत कुणी कुणाला बांधील नसतो, त्या दिवशी साधारण दहा टक्के रक्कम दिली जाते आणि ती सहसा मालकाच्या खिशात न जाता वकिलाकडे राहते. विकणाऱ्याला आपल्या पुढच्या राहत्या घराचा बयाणा म्हणून तीच रक्कम पुढे सरकवता येते, तशी सोय तिथल्या प्रमाणित अटींतच लिहिलेली आहे. पण सगळ्या करारांना एकच दिवस बांधलेला असतो. म्हणजे आपण जे दलालाच्या भरवशावर चोरून केल्यासारखं करतो, ते तिथे उघड, लेखी आणि एका तारखेला होतं. तिथेही साखळ्या तुटतात. पण त्या बहुतेक वेळा पैसे देण्याआधी तुटतात, आणि सगळा फरक त्या ‘आधी’त आहे.

आपल्याकडे तशी व्यवस्था नाही, म्हणून ती कागदावर आपणच आणावी लागते. क्रम असा ठेवा, की आपल्या घराचं साठेखत नोंदवलं जाईपर्यंत आणि ग्राहकाच्या बँकेचं मंजुरीपत्र, तेही आपल्या इमारतीची लीगल-टेक्निकल पाहणी झाल्यानंतरचं, डोळ्यांनी पाहेपर्यंत दुसरीकडे बयाणा देऊ नका. पगारावर दिलेली तत्त्वतः मंजुरी म्हणजे मंजुरी नव्हे. घर हातचं जाईल म्हणून काही द्यावंच लागलं, तर जेवढे गेले तरी आपण आजारी पडणार नाही तेवढेच द्या, आणि ते आपल्या बचतीतून. घेतलेल्या बयाण्यातून नको. घेतलेला बयाणा वेगळ्या खात्यात ठेवा आणि त्याला हात लावू नका, कारण तो परत द्यायची वेळ आली तर ती नेमकी वाईट महिन्यातच येते. रोख देऊ नका, घेऊही नका. स्थावर मालमत्तेच्या सौद्यात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख आगाऊ घेणाऱ्याला २०१५पासून तेवढ्याच रकमेचा दंड आहे. आणि रोख दिलेल्या पैशाची पावती मागताना माणसं कशी चेहरे करतात ते निराळंच. पावतीवर सगळ्या सहमालकांच्या सह्या घ्या. एकट्या नवऱ्याने सही केली आणि घर बायकोच्याही नावावर असेल, तर तो कागद तिच्यासाठी नाहीच. ताबा शेवटच्या चेकनंतर ३० दिवसांनी देण्याची अट आपल्या ग्राहकाकडून मागून पाहा, त्याबदल्यात लाखभर रुपये त्याच्याकडे अडकवून ठेवा. पुष्कळ जण मान्य करतात आणि भाड्याचं घर शोधणं वाचतं. पावती वकिलाला दाखवा, हे सगळेच सांगतात, मीही सांगते. फक्त दलालाने सुचवलेल्या वकिलाला नको.

आणि एक अट, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप. नव्या घराच्या पावतीत लिहून घ्या: ‘खरेदीदार आपली राहती सदनिका विकून ही सदनिका घेत आहे, याची विकणाऱ्यास कल्पना आहे. त्या विक्रीचं साठेखत नोंदवलं न गेल्यास, अथवा त्या ग्राहकाचं किंवा खरेदीदाराचं कर्ज बँकेने लेखी नाकारल्यास, बयाण्याची पूर्ण रक्कम सात दिवसांत परत करण्यात येईल.’ आपल्या घराच्या पावतीत ग्राहकाने हीच अट मागितली तर तीही द्या. तोही आपल्यासारखाच अडकलेला आहे. विकणारा म्हणेल, असं कुणी लिहीत नाही. दलाल म्हणेल, याने सौदा अशुभ होतो. तो मालक खरंच पैसे परत करणार असेल तर या दोन वाक्यांनी त्याचं काही बिघडत नाही. लिहायला नकार देत असेल तर चेकबुक पिशवीत ठेवा आणि उठा. भाईंदर पूर्वेत विकाऊ फ्लॅट तो एकच नाही.